बिनपोटाची गिटार

कट्टा (ता. मालवण), मंगळवार, १२ एप्रिल १९६६

डॉक्टरांनी सांगितले आहे की राग आला तर बोलायचे नाही, लिहायचे. रक्ताचा दाब वाढला आहे म्हणे. मारियानने लगेच बाजारातून वही आणून दिली. "लिवा," म्हणाली, "घराक जरा शांती गावांदे." नवऱ्याच्या दुखण्यावर इतकी खूश झालेली बायको मी पाहिली नव्हती.

तर लिहितो. आमचा लिनो ईस्टरला मुंबईहून आला आहे. गिटार वाजवतो. आज जेवताना त्याने सांगितले की एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये त्याला जागा मिळते आहे, पहिल्या जूनपासून. अट एकच, विजेवरची गिटार स्वतःची हवी. नसली तर बँडमास्तर दुसरा पोरगा घेणार. परदेशी गिटार बाजारात येत नाही आणि आली तरी आमच्यासारख्याने नुसती काचेतून बघायची. म्हणून तो इथेच एक करून घेणार आहे.

मी हात धुऊन, पुसून बसलो. मुलगा आता काय विचारणार हे मला ठाऊक होते. वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत माझ्या हातचे व्हायोलिन नाही असे एक चर्च नाही.

"पापा," तो म्हणाला, "बोलणां झाला माझा. देवबागचो गुरुदासमाम करून देतलो."

गुरुदास! होड्या करणारा गुरुदास! उठलो आणि ही वही घेतली. डॉक्टरांचे औषध लागू पडत नाही, कानशिले अजून ठणकत आहेत.

बुधवार, १३ एप्रिल

मारियान म्हणते, "नाताळात तुमी तेका काय बोललास ता आठवता?"

आठवते. तेव्हा त्याने एक रंगीत चित्र दाखवले होते. चपटी फळी, तिला दोन शिंगे, रंग लॉरीसारखा लालभडक. आतून भरीव. पोटच नाही. "पापा, असा काय करूक येयत?" असे विचारले. मी म्हटले, पोट नाही ते वाद्य नव्हे, तो पाट. पाटावर बसून जेवतात, तो वाजवत नाहीत. सगळे हसले. लिनोसुद्धा हसला, जरा उशिरा हसला एवढेच. गंमत केली, त्यात एवढे काय? बापाने गंमत केली म्हणून कुणी उठून सुताराकडे जात नाही.

गुरुदास आणि मी एकाच बाकावर शिकलो. चित्रकलेत पहिला तोच, पोहण्यात पहिला तोच. मास्तर त्याचे चित्र भिंतीवर लावत आणि मला सांगत, "साल्वादोर, बघ जरा." अजून बघतोच आहे.

सोमवार, १८ एप्रिल

देवबागला जाऊन आलो. मालवणला माझे काम होते. (नव्हते.)

खाडीच्या बाजूला गुरुदासचा मांडव आहे. एका बाजूला अर्धवट होडी आणि तिच्याशेजारी माझा मुलगा, उघड्या अंगाने, रंधा मारतो आहे. माझ्या कारखान्यात त्याने कधी झाडू मारला नाही.

"अरे साल्वा, ये ये. उभो कित्याक?" गुरुदास म्हणाला. सगळ्यांशी तो असाच गोड बोलतो. "हो फळो बघ. माझ्या आज्यान खाडयेत बुडवून ठेवललो, बापाशीन काढलो. लोखंडासारखो झालो हा."

सागाचा फळा होता. रेषा अशा सरळ की बघत राहावे. हेवा वाटला, लपवत नाही. मी वाकलो, नखाने टोकरले आणि सवयीने जीभ लावली. लाकूड घेताना मी नेहमी जीभ लावतो. माझ्या बापानेही तसेच शिकवले.

खारट.

होडीवाले ओंडके खाडीत भिजत घालतात, त्याने कीड लागत नाही. होडीला ते चांगलेच. पण मीठ लाकडात बसले की जात नाही. उन्हाळ्यात कळत नाही. पाऊस लागला की त्या लाकडाला घाम सुटतो, लोखंड गंजते, सरस सुटतो. आणि लिनोच्या गिटारीत तारांखाली चुंबक बसायचे, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची. पहिला पाऊस दोन आठवडे लागून राहिला की ती मुकी होणार.

"पापा, कसा आसा लाकूड?" लिनोने विचारले.

"दिसता बरा," मी म्हटले. आणि हसलो.

देवाची शपथ, मी काही केलेले नाही. फक्त बोललो नाही. मला कुणी सल्ला विचारायला बोलावले होते का? ज्याला काम दिले त्याने लाकूड ओळखावे.

गुरुवार, २१ एप्रिल

लिनोने शिंगांचा आकार टाकून दिला. आता त्याला व्हायोलिनसारखी कंबर हवी आहे. काल माझे जुने व्हायोलिन घेऊन गेला. "दोन दिसांसाठी, पापा, मापां घेवक." म्हणजे कंबर माझी आणि नाव गुरुदासचे होणार.

सोमवार, २५ एप्रिल

अजून एक चोरी. व्हायोलिनच्या मानेला टोकाशी शंखासारखी वळी मी कोरतो. तशी माझ्या बापालाही जमत नव्हती. ती गिटारीच्या टोकाला हवी म्हणे. सहा खुंट्या बसवायच्या तिथे वळी कशाला? गुरुदासने ती आधी कागदावर काढली. कागदावर छानच दिसते. चित्रात पहिला होता ना.

आणि छातीवर इंग्रजी एफसारखी दोन भोके. मी म्हटले, "पोटच नाय, मगे नाकपुडयो कित्याक?"

लिनो म्हणाला, "वाजूक नकोत पापा. बघूक व्हयी." हे त्याचे मुंबईचे शिक्षण.

रविवार, १ मे

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर कॉयरमध्ये गाणारी मारियाकुशीण माझ्याकडे न येता लिनोकडे गेली. "गिटार खंयसर इली रे?" बाजारात भिकाजीने विचारले, तो रेडिओ दुरुस्त करतो. दुकानातल्या अ‍ॅनीनेही तेच विचारले. सगळ्या कट्ट्याला तेवढेच एक काम आहे. माझ्याकडे मसुऱ्याच्या चर्चचे व्हायोलिन दुरुस्तीला आले आहे, ते कुणी विचारत नाही.

दुपारी घरात टकटक चालली होती. बघतो तर लिनो मारियानच्या शिवणाच्या मशीनवर बसलेला. बॉबिन भरायच्या चाकावर भिकाजीने दिलेली तांब्याची तार गुंडाळत होता आणि ही बाजूला बसून फेरे मोजत होती. तार तुटली की दोघे एकदम "आये गो!" म्हणून ओरडायची आणि हसायची. मी दारात उभा होतो. कुणी वर बघितले नाही.

ती तार खाऱ्या लाकडात बसणार आहे हे मला ठाऊक आहे. मी चहा मागितला. तो आला, पण गार.

शुक्रवार, ६ मे

पुन्हा देवबाग. या खेपेला कारणही सांगितले नाही.

गुरुदासने गिटारीची पाठ होडीच्या बुडासारखी तासली आहे. वरची कड, जिथे वाजवणाऱ्याचे कोपर टेकते, तिथे अलगद उतार दिला आहे. लिनोने छातीशी धरली तर अंगाला अशी बसली जशी होडी पाण्यात बसते. हे मला सुचले नसते. लिहिताना बोटे दुखतात, पण नसते सुचले. मी आयुष्यभर वाद्याच्या पोटाचा विचार केला, वाजवणाऱ्याच्या पोटाचा केला नाही.

रंगाचे चालले होते. बँडमास्तरला लाल हवा, बाकीच्या पोरांना चकचकीत निळा. लिनो म्हणाला, नको. माझे व्हायोलिन उन्हात धरून म्हणाला, "गुरुदासमाम, ह्यो रंग. जुनो. लाख मारलेलो."

गुरुदासने माझ्याकडे पाहिले. "साल्वा, ह्यो रंग कसो काढतंस रे?"

"इसारलंय," मी म्हटले.

मग लिनोने व्हायोलिनवर बोट ठेवले. माझे मनगट घासून घासून तिथला रंग उडाला आहे, रुपयाएवढे टक्कल पडले आहे. "आणि हय असाच झिजलला ठेवया."

नवी वस्तू कोणी झिजवून देते का? माझ्या म्हातारपणाची नक्कल करून मुंबईत हसणार. परत येताना वाळूत चालताना वहाण तुटली. ती तिथेच फेकली.

शनिवार, ७ मे

रात्री मारियानला सगळे सांगितले. कंबर, वळी, भोके, रंग, टक्कल. खारटपणाचे सांगितले नाही.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुमची एकय वस्तू तेणा सोडूक नाय म्हणा की."

"तेच तर सांगतंय!"

ती "देवा सायबा," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. बायकांना वस्तुस्थिती कळत नाही.

बुधवार, ११ मे

माझ्या मनात एक विचार येतो आणि मी तो इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे ठेवायला जागा नाही. जुलैमध्ये ती गिटार बंद पडेल. लिनो परत येईल. तेव्हा मी त्याला कारखान्यात बसवीन, एक शब्द न बोलता नवी करून देईन. तेव्हा त्याला कळेल बाप काय आहे.

पण तोपर्यंत जागा गेलेली असेल. हॉटेल कुणासाठी थांबत नाही.

तरीही तो विचार पुन्हा पुन्हा येतो आणि गोड लागतो. फादरकडे पापकबुलीला जायला हवे. शनिवारी गेलो नाही.

रविवार, १५ मे

आज ती वाजली.

भिकाजीने बॅटरीवरचा रेडिओ देवबागला नेला. गिटारीची वायर त्याच्या पाठीत खुपसली. मांडवात सगळी वाडी जमली होती. होडीवर पोरे चढून बसली होती. मारियान चांगला झगा घालून आली होती. मी खांबाला टेकून उभा होतो.

लिनोने काहीतरी मुंबईचे वाजवले, लोक नाचले. मग थांबला, एक बटण पिळले आणि हळू सुरू केले. लादाईनच्या प्रार्थनेची चाल होती ती, दर मे महिन्यात क्रुसासमोर मी वाजवतो ती. माझ्या व्हायोलिनमधून ती रडते. इथे ती रडत नव्हती, कुणीतरी लांबून खाडीपलीकडून हाक मारावी तशी येत होती. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. त्यात गाबतीणी, हिंदू मच्छीमारांच्या बायकाही होत्या, त्यांना क्रुसाचे काय!

गुरुदासचे डोळे भरले होते. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. मला वाटले, ही थाप माझी, ही पण माझी.

भिकाजीने गिटार हातात घेऊन उलटसुलट केली. म्हणाला, "लिनो, मुंबयचो पावस वायट. लाकूड बरा आसा मा? माझी तार बारीक आसा हां."

लिनो हसला. "लाकडाची माका काळजी नाय. पापान पयल्याच दिसा जीभ लावन बघल्यान. वायट आसता तर थयच उचलून फेकून दिल्यान आसतो. गुरुदासमाम दुसरो फळो घेवया म्हणत होतो, मीच सांगितलंय, पापा गप रवलो म्हणजे लाकूड पास."

माझ्या कानांत काहीतरी झाले. दाब असेल. पण नाकातून रक्त आले नाही. मी पुढे गेलो आणि म्हटले, "लाकूड खारा आसा."

आवाज मोठा झाला असावा, कारण पोरे होडीवरून उतरली.

गुरुदास म्हणाला, "खाडयेतला लाकूड खारा आसतलाच. होडयेक मीठ बरा."

"ही होडी नाय! पावसात तेका घाम सुटतलो. तारो गंजतल्यो, गुंडाळी मरतली. महिनोभर वाजात आणि मगे गप!"

लिनो गिटारीकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितले. "पापा, तुमका आता कळला?"

"आताच," मी म्हटले.

त्याने मान हलवली. मुलगा माझा आहे, पण खोटे मानून घ्यायची ही रीत त्याच्या आईची.

सोमवार, १६ मे

आमच्या चुलीवरच्या माळ्यावर फणसाचा एक फळा आहे. लिनोच्या जन्माआधी ठेवला. व्हायोलिनचे मोठे भावंड करायचे होते, उभ्याने वाजवतात ते, पण कुठल्या चर्चने मागितले नाही. वाद्याचे लाकूड आम्ही चुलीच्या धुरावर वाळवतो. इतकी वर्षे धूर खाऊन तो काळा झाला आहे. खाली काढला, रंध्याचा एक हात मारला, आतून हळदीसारखा पिवळा निघाला. टिचकी मारली तर बोलला.

मारियान चूल फुंकत होती. "घेवा," म्हणाली. "इतकी वर्सां माझ्या डोळ्यांत धूर गेलो, तेचा कायतरी झाला म्हणूया."

मी एकटाच करणार होतो. तसे ठरवलेही. दहा वाजता गुरुदास तासणी खांद्यावर टाकून दारात उभा. पहिल्या गाडीने आला होता. "मान माझी शिवणीच्या लाकडाची आसा, ती बरी आसा," म्हणाला. "नुसतो देह बदलूचो. पाठ माका करूक दी, साल्वा. ती तुका येवची नाय."

खरे आहे. येणार नाही. मी बाजूला सरकलो आणि त्याला बाक दिला.

शनिवार, २१ मे

लिहायला वेळ नाही. बुधवारी मुंबईची शेवटची आगबोट, त्यानंतर समुद्र बंद. गुरुदास इथेच राहतो. घोरतो. मारियान त्याच्यासाठी वेगळी, बिनमाशाची कढी करते, कारण त्याचा सोमवार. मग शनिवारही निघाला. माझ्यासाठी हिने कधी वेगळे काही केले नाही.

कंबरेवरून भांडण झाले. तो म्हणतो अजून आत घे, मी म्हणतो पुरे. लिनो मध्ये उभा राहून हसत होता. शेवटी माझीच रेषा राहिली. पाठ त्याची राहिली. लाखेचा रंग मी दार लावून केला. रंगात काय घालतो ते त्याला का सांगावे? संध्याकाळी सांगितले.

मंगळवार, २४ मे

झाली. तारा चढल्या. लिनोने वाजवली, सागापेक्षा आवाज गोड आहे. गुरुदासनेच आधी म्हटले.

सगळे बाहेर जेवायला बसल्यावर मी बारीक पॉलिशकागद घेतला आणि मनगटाच्या जागी घासायला लागलो. माझे व्हायोलिन शेजारी ठेवून, माप घेऊन, रुपयाएवढे. नव्या कोऱ्या रंगावर. लिनो पाण्यासाठी आत आला, त्याने पाहिले. त्याने माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि शेवटचे थोडे स्वतः घासले.

गुरुवार, १४ जुलै

पाऊस. मोठा खंड पडला वहीत. राग येत नव्हता असे नाही, लहान लहान येत होते.

खारा देह मी फेकला नव्हता. कारखान्यात भिंतीला टांगला होता. का, ते विचारू नये. आज गुरुदास आला. होड्यांचे काम बंद, म्हणून आलो म्हणाला. छत्री मिटली आणि त्याची नजर भिंतीवर गेली. साग काळा पडला होता. एफच्या दोन्ही भोकांतून पाण्याचे ओघळ खाली आले होते. चुंबक बसवायचे स्क्रू लाल होऊन सुटले होते.

त्याने बोट फिरवले, जिभेला लावले.

"तुका पयल्याच दिसा कळलला," तो म्हणाला.

मी बाकावरचा रंधा उचलून पुसायला लागलो.

"तू हसलंस त्या दिसा. शाळेत माझा चित्र भिंतीर लागला काय असोच हसायचंस. माका तेव्हाच वाटला, ह्या फळयात कायतरी आसा."

"मगे इचारूक नाय कित्याक?"

"इचारलंय आसतंय तर तू सांगितलंस आसतंस. मगे काम हय इला आसता. आणि लिनो पण." तो छत्रीचे पाणी झटकत होता, ते केव्हाच झटकून झाले होते. "माका तीन चेडवां, साल्वा. तीनय आपापल्या घराक गेली. महिनोभर माझ्या माटवात एक झील बसललो. वाटला, ऱ्हवांदे. लाकडाचा काय होयत ता होयत."

म्हणजे मला मुलगा आहे याचा त्यालाही हेवा. इतकी वर्षे मीच एकटा त्याच्याकडे बघतो आहे असे मला वाटत होते.

मारियान चहा ठेवून गेली. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी उठलो, कोटाच्या खिशातून लिनोचे पत्र काढले. आठवड्यापूर्वी आले आहे. गिटार पावसातही खणखणीत वाजते, असे त्यात आहे. बँडमास्तर तिला म्हातारी म्हणतो आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्याखाली अर्धे पान गुरुदाससाठी आहे. देवबागला निरोप पाठवायचा राहून गेला होता. राहून गेला नव्हता, मी ठेवला होता.

गुरुदासला जवळचे दिसत नाही. चष्मा घरी राहिला म्हणाला. म्हणून ते अर्धे पान मीच मोठ्याने वाचून दाखवले. तो म्हणाला, परत वाच. मी परत वाचले.